अपूर्णांक आणि दशांशांची शाब्दिक उदाहरणं: बेरीज-वजाबाकीच्या आधी काय ठरवायचं, नंतर काय तपासायचं

३/४ + १/६ अशी नुसती बेरीज ज्यांना सहज जमते, त्यांचीही शाब्दिक उदाहरणं चुकतात. वही नीट पाहिली तर चूक बहुतेक वेळा आकडेमोड सुरू होण्याआधीच झालेली असते. ३ मीटर ५ सेंटीमीटरचे ३.५ मीटर लिहिलेले असतात, ‘उरलं’ हा शब्द दिसताच वजाबाकी मांडलेली असते, किंवा अपूर्णांक नेमका कशाचा आहे हेच पाहिलेलं नसतं. त्यानंतरची आकडेमोड कितीही बिनचूक केली तरी उपयोग नसतो. म्हणून इथे आधीच्या टप्प्यांना जास्त जागा दिली आहे. टप्पे याच क्रमाने घ्या. मुलांना शिकवत असाल तर सुरुवातीला प्रत्येक टप्पा वहीत लिहून घ्यायला लावा, मनातल्या मनात नको.

## तयारी

चौकटींची वही घ्या. एका चौकटीत एकच अंक लिहायचा आणि दशांश चिन्हं एकाखाली एक येतील असं मांडायचं. एवढ्या शिस्तीनेच दशांशांच्या कितीतरी चुका थांबतात.

एककांची नाती समोर लिहून ठेवा: १ मीटर = १०० सेंटीमीटर, १ सेंटीमीटर = १० मिलिमीटर, १ किलोमीटर = १००० मीटर, १ किलोग्रॅम = १००० ग्रॅम, १ लिटर = १००० मिलिलिटर, १ तास = ६० मिनिटं. यातलं शेवटचं नातं १०, १०० किंवा १००० चं नाही. त्याचा त्रास चौथ्या टप्प्यात होणार आहे.

बोलण्यातले अपूर्णांक अंकांत लिहिता यायला हवेत. पाव म्हणजे १/४ म्हणजेच ०.२५, अर्धा ०.५, पाऊण ०.७५. सव्वादोन २.२५, अडीच २.५, साडेतीन ३.५. पावणेतीन मात्र २.७५, कारण तीन व्हायला अजून पाव कमी आहे. ‘तीन’ ऐकून आधी ३ लिहून टाकला की उत्तर तिथेच एकाने चुकतं.

आठ छेदाचे अपूर्णांकही पाठ असू द्या: १/८ = ०.१२५, ३/८ = ०.३७५, ५/८ = ०.६२५, ७/८ = ०.८७५. ते वारंवार लागतात आणि दर वेळी भागाकार करत बसलं की मूळ प्रश्नावरचं लक्ष उडतं.

## टप्पा १: आधी प्रश्न वाचा, मग आकडे

उदाहरणाचं शेवटचं वाक्य आधी वाचा आणि उत्तराचं वाक्य जागा सोडून लिहून ठेवा: ‘____ मीटर तार उरली’ किंवा ‘टाकीचा ____ भाग रिकामा आहे’. मग वरपासून सगळं वाचा.

हे वेळखाऊ वाटतं, पण याचं कारण पक्कं आहे. समजा, टाकी ७/८ भरलेली होती. सकाळी टाकीच्या १/६ इतकं आणि दुपारी १/४ इतकं पाणी वापरलं. आता टाकीचा किती भाग रिकामा आहे? छेद २४ घेतला तर २१/२४ − ४/२४ − ६/२४ = ११/२४. बरेच जण इथे थांबतात आणि ११/२४ ला चौकट करतात. पण ११/२४ हा भरलेला भाग झाला. विचारलाय रिकामा भाग, म्हणून अजून एक पायरी हवी: २४/२४ − ११/२४ = १३/२४. उत्तराचं वाक्य आधीच लिहिलेलं असेल तर ११/२४ त्या जागेत भरताना हात आपोआप थांबतो.

## टप्पा २: अपूर्णांक कशाचा आहे ते लिहा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, त्यामुळे इथे घाई नको. ही दोन वाक्यं पाहा:

- ५ मीटर दोरातून १/२ मीटर दोर कापला.
- ५ मीटर दोरातून १/२ भाग कापला.

पहिल्या वाक्यातला १/२ मीटर ही मोजलेली लांबी आहे. थेट वजाबाकी करा, ४ १/२ मीटर उरतो. दुसऱ्यातला १/२ हा त्या दोराचा भाग आहे. आधी ५ चा अर्धा काढायचा, तो २ १/२ मीटर, आणि मगच वजाबाकी. उरतो २ १/२ मीटर. दोन्ही वाक्यांतले आकडे सारखेच आहेत. फरक आहे तो अपूर्णांकापुढे एकक आहे की नाही, एवढाच.

आता थोडी अवघड जोडी. टाकी ३/४ भरलेली होती. ‘टाकीच्या १/४ इतकं पाणी काढलं’ असं असेल तर दोन्ही अपूर्णांक पूर्ण टाकीचेच आहेत: ३/४ − १/४ = १/२ टाकी उरली. ‘असलेल्या पाण्यापैकी १/४ काढलं’ असं असेल तर काढलेलं पाणी ३/४ चा १/४, म्हणजे ३/१६ टाकी आहे. उरलं १२/१६ − ३/१६ = ९/१६ टाकी. ‘पैकी’, ‘त्यातला’, ‘उरलेल्याचा’ हे शब्द दिसले की थांबा. तिथे बेरीज-वजाबाकीच्या आधी एक गुणाकार दडलेला असतो.

एका टाकीचा १/२ आणि वेगळ्या मापाच्या दुसऱ्या टाकीचा १/३ यांची बेरीज करून ५/६ लिहिलं तर ते ५/६ ना पहिल्या टाकीचे, ना दुसरीचे. आधी दोन्हींचे लिटर काढा, मग मिळवा.

तपासणी: प्रत्येक अपूर्णांकाखाली बारीक अक्षरांत ‘मीटर’, ‘पूर्ण टाकीचा’, ‘उरलेल्या पाण्याचा’ असं लिहा. ज्या दोन अपूर्णांकांखाली एकच गोष्ट लिहिली आहे, त्यांचीच थेट बेरीज किंवा वजाबाकी होऊ शकते.

## टप्पा ३: बेरीज की वजाबाकी, हे घटनेवरून ठरवा

‘एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी’ ही युक्ती सोपी आहे म्हणून शिकवली जाते. माझं स्पष्ट मत आहे की ती शिकवूच नये. लहान उदाहरणांत ती चालते, त्यामुळे तिच्यावर विश्वास बसतो, आणि पुढे तीच बुडवते.

टाकीतून २ १/२ लिटर पाणी काढल्यावर ४ ३/४ लिटर उरलं. आधी किती होतं? ‘काढलं’ आणि ‘उरलं’ दोन्ही शब्द आहेत, पण क्रिया बेरजेची आहे: ७ १/४ लिटर.

निळी पट्टी लाल पट्टीपेक्षा ०.३५ मीटरने लांब आहे. निळी पट्टी १.२ मीटर आहे, तर लाल किती? ‘लांब’ वाचून बेरीज केली तर १.५५ मीटर येतं, म्हणजे लाल पट्टीच निळीपेक्षा लांब झाली. खरं उत्तर १.२० − ०.३५ = ०.८५ मीटर.

शब्द शोधण्याऐवजी घटना तीन खान्यांत मांडा: आधी किती, काय बदललं, नंतर किती. पाण्याच्या उदाहरणात ‘आधी’चा खाना रिकामा राहतो, त्यामुळे मिळवावं लागणार हे दिसतं. तुलनेच्या उदाहरणात दोन पट्ट्या एकाखाली एक काढा, लांब असेल ती लांब. आकृती सुबक नसली तरी चालेल. कुठली पट्टी मोठी हे दिसलं की पुरे.

## टप्पा ४: सगळं एकाच एककात आणि एकाच रूपात आणा

लांबी, वजन, द्रव. ३ मीटर ५ सेंटीमीटर म्हणजे ३.०५ मीटर. मीटरचे १०० भाग असतात, म्हणून दशांश चिन्हानंतर सेंटीमीटरसाठी दोन जागा राखायच्या. किलोग्रॅम आणि लिटरसाठी तीन: ४ किलो ५० ग्रॅम म्हणजे ४.०५० किलो, आणि २ लिटर ७ मिलिलिटर म्हणजे २.००७ लिटर. मधली शून्यं गाळली की ५ सेंटीमीटरचे ५० होतात.

यावर एक चांगला उपाय आहे, दशांश मोठ्याने वाचण्याचा. ३.०५ हे ‘तीन पूर्णांक पाच शतांश’ असं वाचा. ०.४ म्हणजे चार दशांश आणि ०.३५ म्हणजे पस्तीस शतांश. ‘चार’ आणि ‘पस्तीस’ एवढंच ऐकणाऱ्याला ०.३५ मोठा वाटतो. चार दशांश म्हणजे चाळीस शतांश हे लक्षात आलं की गोंधळ मिटतो.

वेळ. १.३० तास म्हणजे दीड तास नव्हे. दीड तास म्हणजे १.५ तास. एका कामाला पावणेदोन तास लागले आणि दुसऱ्याला १ तास ४० मिनिटं, तर एकूण किती? अनेकांच्या वहीत १.७५ + १.४० = ३.१५ अशी मांडणी सापडते आणि उत्तर ‘३ तास १५ मिनिटं’. यात १.७५ हे तासाचे शंभर भाग धरून लिहिलंय आणि १.४० हे साठ भाग धरून. दोन वेगळ्या भाषा एका बेरजेत आल्या.

वेळेसाठी सरळ मिनिटं करा: १०५ + १०० = २०५ मिनिटं = ३ तास २५ मिनिटं. अपूर्णांकांनीही होतं: १ ३/४ + १ २/३ = १ ९/१२ + १ ८/१२ = ३ ५/१२ तास, आणि तासाचे ५/१२ म्हणजे २५ मिनिटं.

अपूर्णांक की दशांश? एकाच उदाहरणात ३/८ आणि १.२ असे दोन्ही आले तर एक रूप निवडा. अपूर्णांक आधी अतिसंक्षिप्त करा. मग छेदाचे अवयव पाडल्यावर फक्त २ आणि ५ सापडले (२, ४, ५, ८, १०, २०, २५, ४०) तर दशांश करून टाका, सोपं पडतं. छेदात ३, ७, ११ असा दुसरा मूळ अवयव असेल तर दशांश संपतच नाही, तेव्हा सगळं अपूर्णांकात न्या. २/३ + ०.२५ मध्ये २/३ चे ०.६७ केले तर ०.९२ येतं. अचूक उत्तर ८/१२ + ३/१२ = ११/१२ आहे. ०.९२ त्याच्या जवळ आहे, बरोबर नाही. पुढे आणखी पायऱ्या असतील तर हा फरक वाढू शकतो.

इशारा: १/३ साठी ०.३३ लिहिणं मोजमापात कधी चालेल, पण ज्या उदाहरणात अचूक उत्तर हवं आहे तिथे नाही. तीन वेळा ०.३३ मिळवून पाहा, ०.९९ येतं, १ येत नाही.

## टप्पा ५: अंदाज लिहा

प्रत्येक संख्या जवळच्या पूर्ण किंवा अर्ध्यावर आणून तोंडी उत्तर काढा आणि समासात लिहा. ५ १/४ − २ २/३ चा अंदाज: ५ मधून अडीच गेले, सुमारे अडीच. अर्धं मिनिट लागतं. आकडेमोड झाल्यावर अंदाज करू नका, कारण तेव्हा आलेल्या उत्तराकडे मन झुकतं.

## टप्पा ६: आकडेमोड

### अपूर्णांक

१. छेदांचा लसावि काढा. ५/६ + ३/८ साठी तो २४ आहे. ६ × ८ = ४८ घेतला तरी चूक नाही, फक्त शेवटी संक्षिप्त रूप देण्याचं काम वाढतं.

२. छेद ज्या संख्येने गुणला, त्याच संख्येने अंशही गुणा: ५/६ = २०/२४, ३/८ = ९/२४. अंश तसाच ठेवून फक्त छेद बदलणं ही घाईतली नेहमीची चूक.

३. अंशांची बेरीज करा, छेद तोच: २९/२४ = १ ५/२४.

इशारा: छेदांची बेरीज कधीच नाही. १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: २/५ अर्ध्याहून लहान आहे, मग अर्ध्यात भर घातल्यावर ते कमी कसं झालं?

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांच्या वजाबाकीकडे जवळून पाहू: ५ १/४ − २ २/३. समच्छेद केल्यावर ५ ३/१२ − २ ८/१२. तीनातून आठ जात नाहीत. इथे तीन जणांची तीन उत्तरं येतात.

एक जण उलटी वजाबाकी करतो, आठातून तीन: ३ ५/१२. दुसरा ५ मधला एक उसना घेतो, पण सवयीने त्याचे दहा करतो. मग अंश १३ होतो आणि उत्तर २ ५/१२. तिसरा थांबून विचारतो की इथे एक म्हणजे किती बारांश? बारा. म्हणून ५ ३/१२ = ४ १५/१२, आणि ४ १५/१२ − २ ८/१२ = २ ७/१२. हे बरोबर. उसना घेतलेला एक नेहमी छेदाइतका मोठा असतो: छेद १२ तर १२/१२, छेद ८ तर ८/८. लक्षात घ्या, अडीचचा अंदाज इथे ३ ५/१२ ला पकडतो, पण २ ५/१२ त्यातून निसटतं. त्यासाठी पडताळा लागतो.

### दशांश

१. दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह. उजवीकडची टोकं जुळवायची नाहीत. १२.५ आणि ३.७५ उजवीकडून जुळवून मिळवले तर १२५ + ३७५ = ५०० येतात आणि उत्तर ५.०० लिहिलं जातं, म्हणजे १२ हून कमी. नीट मांडलं तर १२.५० + ३.७५ = १६.२५.

२. मांडताना उजवीकडच्या रिकाम्या जागा शून्यांनी भरा. पूर्ण संख्येलाही दशांश चिन्ह द्या: ६ म्हणजे ६.०००.

३. मग नेहमीसारखी बेरीज-वजाबाकी करा आणि उत्तरात चिन्ह त्याच रांगेत उतरवा.

शून्यं न भरता ६ − २.३७५ केलं की ३७५ तसेच खाली उतरतात आणि ४.३७५ येतं. शून्यं भरली की उसने घेणं भागच पडतं: ६.००० − २.३७५ = ३.६२५.

## टप्पा ७: पडताळा आणि उत्तराचं वाक्य

वजाबाकीचा पडताळा बेरजेने करा: २ ७/१२ + २ ८/१२ = ४ १५/१२ = ५ ३/१२ = ५ १/४. जुळलं. मघाच्या २ ५/१२ मध्ये २ ८/१२ मिळवले तर ५ १/१२ येतात, म्हणजे चूक उघडी पडते. बेरजेत पाहायचं ते हे की उत्तर प्रत्येक संख्येहून मोठं आहे का.

पण हा पडताळा फक्त आकडेमोड तपासतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यातली चूक त्यात सापडत नाही. त्यासाठी आलेलं उत्तर मूळ उदाहरणात घालून पूर्ण गोष्ट वाचा: ‘आधी ७ १/४ लिटर होतं, २ १/२ लिटर काढलं, ४ ३/४ लिटर उरलं.’ गोष्ट जुळली तरच उत्तर पक्कं. मग अपूर्णांक संक्षिप्त करून, एकक लावून पहिल्या टप्प्यातलं वाक्य पूर्ण करा.

## सगळे टप्पे एकत्र: एक उदाहरण

२० मीटर तारेतून एका खोलीसाठी साडेसात मीटर आणि दुसरीसाठी ५ मीटर ८ सेंटीमीटर तार वापरली. ५/८ मीटर तार खराब निघाली, ती कापून टाकली. किती तार उरली?

उत्तराची जागा: ____ मीटर तार उरली. ५/८ पुढे ‘मीटर’ आहे, म्हणजे ती लांबी आहे, तारेचा भाग नाही. ‘आधी’ २० मीटर, बदल तीन वेळा कमी होण्याचा, ‘नंतर’ शोधायचं आहे. छेद ८ आहे, म्हणून दशांश सोयीचे: ७.५, ५.०८, ०.६२५. अंदाज: साडेसात, पाच आणि अर्धा मिळून १३ गेले, सुमारे ७ मीटर उरावी.

७.५०० + ५.०८० + ०.६२५ = १३.२०५
२०.००० − १३.२०५ = ६.७९५

पडताळा: १३.२०५ + ६.७९५ = २०. अंदाजाशीही जुळतं. ६.७९५ मीटर, म्हणजे ६ मीटर ७९ सेंटीमीटर ५ मिलिमीटर तार उरली.

तीन वेळा वेगवेगळी वजाबाकी करण्यापेक्षा आधी गेलेलं सगळं मिळवून एकदाच वजा करणं बरं. उसने घेण्याची वेळ जितकी कमी येईल तितकी चूक कमी.

## सरावासाठी, चुकीच्या उत्तरांच्या कारणांसह

१. २ ३/८ मीटर आणि १ ५/६ मीटर लांबीचे दोन दोर गाठ मारून जोडले. गाठीत एकूण १/४ मीटर दोर गेला. जोडलेला दोर किती लांब?
उत्तर ३ २३/२४ मीटर. ४ ५/२४ आलं असेल तर गाठ वजा करायची राहिली. ४ ११/२४ आलं असेल तर गाठीचा दोर मिळवला गेला, तिसरा टप्पा पुन्हा पाहा.

२. भरलेल्या खोक्याचं वजन ९ किलो ७५ ग्रॅम आहे, रिकाम्या खोक्याचं ०.६ किलो. आतल्या वस्तूंचं वजन किती?
उत्तर ८.४७५ किलो. ९.१५ आलं असेल तर ७५ ग्रॅमचे ०.७५ किलो झाले. ९.०१५ आलं असेल तर ०.६ चा ६ दशांशाऐवजी शतांशाच्या जागी मांडला गेला.

३. एका पुस्तकाचा २/५ भाग पहिल्या दिवशी आणि त्याच पुस्तकाचा १/३ भाग दुसऱ्या दिवशी वाचला. किती भाग वाचायचा राहिला?
उत्तर ४/१५. ११/१५ हा वाचलेला भाग आहे. ५/८ आलं असेल तर छेदांची बेरीज झाली. २/५ आलं असेल तर दुसऱ्या दिवशीचा १/३ हा उरलेल्या पुस्तकाचा धरला गेला.

४. साडेतीन तासांच्या कामातले १ तास ५० मिनिटं झाले. किती वेळ उरला?
उत्तर १ तास ४० मिनिटं, म्हणजे १ २/३ तास. २ तास आले असतील तर ५० मिनिटांचा अर्धा तास झाला. १.८० आलं असेल तर मिनिटांची वजाबाकी करताना उसन्या तासाची ६० ऐवजी १०० मिनिटं धरली गेली.